डिकीतली बंदूक आणि बदलणारी राज्ये: अमेरिकेत बंदूक व काडतुसे रीतसर कशी न्यावीत

ड्रायव्हिंग लायसन्स कुठल्याही एका राज्याचे असले तरी पन्नासही राज्यांत चालते. बंदूक बाळगण्याचा परवाना तसा चालत नाही, आणि बहुतेक लोक अडकतात ते नेमके याच ठिकाणी. नॉर्थ कॅरोलिनाचा परवाना न्यू जर्सीत निव्वळ कागद असतो. जे पिस्तूल एका राज्यात कंबरेला लावून वाणसामान आणायला जाता येते, तेच नदीवरचा पूल ओलांडल्यावर काही वर्षांच्या तुरुंगवासाचे कारण ठरू शकते.

२०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक महिला न्यू जर्सीत शिरली. जवळ पिस्तूल होते आणि पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना होता. पोलिसाने गाडी थांबवल्यावर पिस्तुलाची माहिती तिनेच आपणहून दिली. तरीही तिला तुरुंगात जावे लागले. प्रकरणातून कायमची सुटका झाली ती २०१५ मध्ये गव्हर्नरांनी माफी दिल्यावर. चांगला हेतू आणि स्वच्छ पूर्वेतिहास अटक टाळायला पुरेसे पडत नाहीत.

आधी स्वतःची स्थिती पाहा, मग बंदुकीची

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा मुद्दा सर्वांत कमी माहीत असतो, म्हणून तो आधी. संघराज्याच्या कायद्याचे कलम ९२२ सांगते की नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ आणि आई-वडील ज्यावर भेटीला येतात तो बी-२ हे सगळे व्हिसा त्यात आले. पंधरा वर्षे इथे नोकरी केली, घर घेतले, कर भरले, तरी व्हिसा एच-१बी असेपर्यंत नियम तोच. या कलमाखाली २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षे आहे.

याला मोजके अपवाद आहेत. आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला आणि मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो असेल तर मनाई लागू होत नाही. पण हा परवाना बहुधा वर्षभराचा असतो, आणि ज्या दिवशी त्याची मुदत संपते त्या दिवशी अपवादही संपतो. कपाटातली बंदूक मात्र कपाटातच असते. म्हणून मुदत संपण्याची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि प्रवासात मूळ परवाना सोबत ठेवा.

ग्रीन कार्डधारकांना संघराज्याचा कायदा या बाबतीत नागरिकांसारखाच वागवतो. फरक पडतो तो चूक झाल्यावर. बंदुकीसंबंधी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढता येते, तशी इमिग्रेशन कायद्यात स्वतंत्र तरतूदच आहे. नागरिकाचे प्रकरण दंडावर मिटेल, तिथे ग्रीन कार्डवाल्याचा संसार उठू शकतो. म्हणून ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’ असा सल्ला कुठल्याही वकिलाने दिला तरी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

घरात एक जण नागरिक आणि दुसरा एच-४ वर, किंवा गाडीत मागच्या सीटवर बी-२ वर आलेले सासू-सासरे, असे चित्र नेहमीचे आहे. पेटीची किल्ली किंवा कुलपाचा आकडा फक्त ज्याच्या हक्काची बंदूक आहे त्याच्याकडेच असावा. बंदुकीवर ताबा कोणाचा, हा प्रश्न निघाला की किल्ली कोणाजवळ होती हे पाहिले जाते.

कलम ९२६-ए काय देते

१९८६ मध्ये संसदेने बंदूकधारकांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यातले कलम ९२६-ए प्रवाशांसाठी आहे. इंग्रजीत नेमबाजांच्या बोलण्यात त्याला ‘सेफ पॅसेज’ म्हणतात. अर्थ साधा आहे: वाटेतल्या राज्याचा कायदा काहीही म्हणो, पुढच्या अटी पाळल्यात तर त्या राज्यातून बंदूक घेऊन जाण्याचा तुम्हाला हक्क आहे.

निघण्याच्या ठिकाणी ती बंदूक बाळगणे आणि सोबत नेणे, दोन्ही तुमच्यासाठी कायदेशीर हवे. पोहोचण्याच्या ठिकाणीही दोन्ही हवे. बंदूक रिकामी हवी. बंदूक आणि काडतुसे, यांतले काहीही प्रवासी बसतात त्या भागातून हाताला लागता कामा नये. गाडीला वेगळी डिकी नसेल तर दोन्ही कुलूपबंद पेटीत हवे, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा दोन सीटमधला कन्सोल ही पेटी मानली जात नाही, मग त्याला कुलूप असले तरी.

लोक घाईत वाचताना पहिल्या दोन अटी सोडून देतात. ‘मी फक्त जातोय’ एवढे पुरत नाही. टेक्ससमधून निघून न्यू जर्सीतल्या भावाकडे आठवडाभर राहायला जाताना पिस्तूल नेले तर हे कलम कामाला येत नाही, कारण शेवटचे टोक न्यू जर्सी आहे आणि तिथला परवाना तुमच्याकडे नाही. हे कलम पुलासारखे आहे. दोन्ही काठ पक्के असतील तरच त्यावर पाय ठेवायचा.

एसयूव्ही, मिनिव्हॅन आणि हॅचबॅक या गाड्यांना वेगळी डिकी नसते. मागच्या जागेवर पडदा ओढला म्हणून ती डिकी होत नाही. होंडा ओडिसी किंवा टोयोटा हायलँडर असेल तर कुलूपबंद पेटी हवीच. सेडान असेल तरी डिकीत कुलूपबंद पेटीच ठेवा. बऱ्याच सेडानची मागची सीट पुढे पाडता येते आणि मग ‘डिकी हाताला लागते का’ हा वाद रस्त्याच्या कडेला रात्री अकराला घालावा लागतो.

काडतुसे बंदुकीपेक्षा वेगळ्या पेटीत ठेवावीत असे संघराज्याचा कायदा स्पष्ट म्हणत नाही. तरी वेगळी ठेवा. न्यूयॉर्कच्या दंडसंहितेत ‘भरलेले’ या शब्दाची व्याख्याच निराळी आहे: बंदूक रिकामी असली तरी तिला चालणारी काडतुसे त्याच माणसाकडे त्याच वेळी असतील तर ती बंदूक भरलेली धरली जाते. तिथे भरलेले पिस्तूल बेकायदा बाळगण्याचा दुसऱ्या दर्जाचा गुन्हा हिंसक गुन्ह्यांच्या यादीत आहे आणि त्याला किमान साडेतीन वर्षांची शिक्षा आहे. न्यू जर्सीत परवान्याविना हातबंदूक बाळगण्याला ५ ते १० वर्षे. सुट्या पेट्यांमुळे व्याख्या बदलत नाही, पण पोलीस आणि सरकारी वकील यांच्यासमोर तुम्ही अटी जाणून पाळल्यात हे दिसते.

बंदूक रिकामी करणे

हे काम घरी, उजेडात, कोणी बोलवत नसताना करा. पिस्तुलाचे आधी मॅगझिन (काडतुसे भरायचा सुटा खोका) काढा, नंतर स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढा. क्रम उलटा झाला तर चेंबरमधले, म्हणजे उडायच्या जागी बसलेले, काडतूस बाहेर पडते आणि मॅगझिनमधले दुसरे आत बसते. माणूस समजतो रिकामे झाले, आणि नेमके तेच पिस्तूल पुढे कधीतरी सुटते. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून चाचपा. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर उघडून सगळी घरे मोजा. नळीमध्ये काडतुसे भरायच्या शॉटगनमध्ये शेवटचे एक हमखास विसरते. आतला ढकल्या बोटाने दाबून तो स्प्रिंगने परत येतो का ते पाहा. बोल्ट-ॲक्शन रायफलचा बोल्ट काढून वेगळा ठेवता येतो. तो काढला की वादाला जागाच उरत नाही.

चेंबरमध्ये भडक नारिंगी प्लॅस्टिकची खूणपट्टी घाला. डॉलर-दोन डॉलरला मिळते आणि पेटी उघडताच समोरच्याला बंदूक रिकामी असल्याचे दिसते. मॅगझिनही सगळी रिकामी करा. भरलेले मॅगझिन बंदुकीशेजारी ठेवलेले काही राज्यांत ‘भरलेली बंदूक’ म्हणून धरतात.

मॅगझिन आणि गोळीचा प्रकार

कलम ९२६-ए बंदूक आणि काडतुसे यांबद्दल बोलते. मॅगझिनचा शब्द त्यात नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि कॅलिफोर्नियात १० पेक्षा जास्त काडतुसांचे मॅगझिन बाळगण्यावर बंदी आहे. डेलावेअरमध्ये मर्यादा १७ आहे. कोलोरॅडोत १५. इलिनॉयमध्ये लांब बंदुकीला १० आणि हातबंदुकीला १५. ग्लॉक १९ या पिस्तुलासोबत दुकानातून येणारे मॅगझिन १५ चे असते, म्हणजे खोक्यातला माल जसाच्या तसा उचलून निघालात तर ईशान्येत अडचण. यावर तोडगा स्वस्त आहे: प्रवासासाठी १० चीच दोन मॅगझिन विकत घ्या, बाकीची घरी ठेवा.

होलो-पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या, गोळ्या अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे सर्रास विकल्या जातात. न्यू जर्सीत मात्र त्या घर, नेमबाजीची रेंज, शिकार असे ठरावीक अपवाद सोडून बाळगता येत नाहीत. तिथून जायचे असेल तर साध्या गोल टोकाच्या पूर्ण तांबेवेष्टित गोळ्या घ्या. कॅलिफोर्नियातले रहिवासी नेवाडा किंवा ॲरिझोनात स्वस्त मिळतात म्हणून काडतुसे घेऊन येतात. २०१८ पासून ते चालत नाही. बाहेर घेतलेली काडतुसे परवानाधारक विक्रेत्यामार्फतच राज्यात आणावी लागतात.

१९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याखाली नोंदवाव्या लागणाऱ्या वस्तूंपैकी आखूड नळीची रायफल, आखूड नळीची शॉटगन आणि मशीनगन राज्याबाहेर नेण्याआधी एटीएफकडे, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या संघराज्याच्या खात्याकडे, ५३२०.२० क्रमांकाचा अर्ज भरून मंजुरी घ्यावी लागते; सायलेन्सरला ती लागत नाही. ‘नेऊन आणतो, कोणाला कळणार’ या विचाराने पंधरा इंची नळीची रायफल घेऊन जाणारा माणूस, सोळा इंची नळीवाल्याला न लागणारा गुन्हा ओढवून घेतो.

रस्ता आखणे: शार्लट ते नॅशुआ

एक उदाहरण पूर्ण सोडवू. नॉर्थ कॅरोलिनातले शार्लट ते न्यू हॅम्पशायरमधले नॅशुआ. ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक, एक साधे पिस्तूल, १० चे मॅगझिन. नॉर्थ कॅरोलिनात पिस्तूल उघडपणे बाळगता येते आणि न्यू हॅम्पशायरमध्ये २०१७ पासून परवान्याची गरज नाही. म्हणजे दोन्ही काठ पक्के.

फोनवरचा नकाशा बहुधा आय-९५ हा महामार्ग दाखवेल: व्हर्जिनिया, वॉशिंग्टन डीसीचा परिसर, मेरीलँड, डेलावेअर, न्यू जर्सी, न्यूयॉर्क शहराची कडा, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स. कडक कायद्यांची सगळी राज्ये एका माळेत, वर तुंबलेली वाहतूक. त्याऐवजी आय-७७ ने वर जाऊन विदव्हिलजवळ आय-८१ धरा. हा रस्ता व्हर्जिनियातून उभा जातो, पुढे वेस्ट व्हर्जिनियाचा सुमारे २६ मैलांचा तुकडा, मेरीलँडचा जेमतेम १२ मैलांचा, आणि मग पेनसिल्व्हेनिया. स्क्रँटनजवळ आय-८४ घेतले की न्यू जर्सीला न शिवता थेट न्यूयॉर्कमध्ये जाता येते. न्यूयॉर्क मात्र टाळता येत नाही. न्यू इंग्लंडची सहाही राज्ये उरलेल्या अमेरिकेला जमिनीने जोडलेली आहेत ती फक्त न्यूयॉर्कमधून.

हा प्रवास एका दमात होत नाही, झोप लागतेच. मुक्काम कुठे करायचा हे ठरवणे हाच या आखणीचा गाभा आहे. मुक्काम स्क्रँटन किंवा विल्क्स-बॅरीला करा. पेटी कुलूपबंदच खोलीत न्या, गाडीत सोडू नका. हॉटेलांच्या पार्किंगमधून बंदुका चोरीला जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरून निघा. तिथून न्यूयॉर्कचे सुमारे ७० मैल, मग कनेटिकट, मग मॅसॅच्युसेट्स हे सगळे सुमारे पाच तासांत पार होते. वाटेत पेट्रोल आणि स्वच्छतागृहापुरते थांबणे ठीक. हार्टफर्डला मित्राकडे जेवायला, किंवा ‘आलोच आहोत तर’ म्हणून बॉस्टन पाहायला वळणे ठीक नाही. कलमात थांबण्याचे मिनिटांत मोजलेले बंधन नाही, म्हणूनच न्यायाधीशांपुढे ‘प्रवास’ आणि ‘सहल’ यांत फरक करायची वेळ येऊ देऊ नये.

डेट्रॉइटहून बफेलोला जाताना नकाशा कॅनडातून, ऑन्टारिओमधून रस्ता सुचवतो, कारण तो जवळचा आहे. बंदूक गाडीत असेल तर तो रस्ता नाहीच. ९२६-ए तिथे लागू नाही, आणि २१ ऑक्टोबर २०२२ पासून कॅनडाने हातबंदुकांची खरेदी, विक्री आणि आयात गोठवली आहे. डेट्रॉइटमध्ये तर ॲम्बॅसिडर पुलाच्या रांगेत चुकून शिरणारे लोक असतात, आणि एकदा शिरले की परत वळायला कॅनडाचा नाका येतो. नकाशाच्या ॲपमध्ये सीमा टाळण्याची सोय वापरा आणि तिथल्या पाट्या डोळे उघडे ठेवून वाचा.

वाटेतल्या छोट्या जागाही लक्षात ठेवा. टपाल कार्यालयाच्या पार्किंगमध्येसुद्धा बंदूक नेणे संघराज्याच्या नियमांत बसत नाही. लष्करी तळांचे नियम वेगळे. आदिवासी जमातींच्या राखीव भूमीवर जमातीचा स्वतःचा कायदा चालतो, आणि ॲरिझोना, न्यू मेक्सिकोकडे हमरस्ते अशा भूमीतून सरळ जातात. राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून त्या-त्या राज्याचा कायदा लागू आहे, पण उद्यानातल्या सरकारी इमारतींत बंदी कायम आहे. शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावरची बंदी कुलूपबंद पेटीतल्या रिकाम्या बंदुकीला लागू नाही. पेटीला कुलूप लावण्याचे हे आणखी एक कारण.

विमानाने नेताना

विमानतळांवर सुरक्षा तपासणी करणाऱ्या टीएसएला २०२४ मध्ये तपासणी नाक्यांवर ६,६७८ बंदुका सापडल्या, त्यांतल्या सुमारे ९४ टक्के भरलेल्या होत्या. बहुतेकांचा खुलासा एकच असतो: ‘बॅगेत आहे हे विसरलो.’ दंड मात्र विसरत नाही. भरलेल्या बंदुकीचा ३,००० डॉलरपासून सुरू होतो, प्रीचेकची (झटपट तपासणीची) सोय जाते, आणि स्थानिक पोलिसांची कारवाई वेगळीच.

बंदूक फक्त चेक-इन सामानात जाते. बंदुकीचे सुटे भाग आणि मॅगझिनही केबिनमध्ये नेता येत नाहीत. रायफलची दुर्बीण चालते. पेटी कडक कवचाची आणि पूर्ण कुलूपबंद हवी. कुलूप लावून झाल्यावर पेटीचा कोपरा दोन्ही हातांनी ओढून पाहा. बोट आत जाण्याइतकी फट पडली तर काउंटरवरून परत पाठवतील. पेटीला कुलपासाठी दोन भोके असतील तर दोन कुलपे, चार असतील तर चार. बंदूक विकत घेताना मिळालेला प्लॅस्टिकचा डबा बहुधा या परीक्षेत नापास होतो. किल्ली किंवा आकडा तुमच्याकडेच ठेवायचा. टीएसएच्या मास्टर किल्लीने उघडणारी कुलपे चालतात, पण ती किल्ली बाजारात कोणालाही मिळते, म्हणून चांगले साधे कुलूप बरे.

काडतुसे कारखान्याच्या मूळ खोक्यात किंवा त्यासाठीच बनवलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. पिशवीत सुटी टाकलेली चालत नाहीत. बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा माणशी ११ पाउंड, म्हणजे ५ किलो. अंदाजासाठी: ९ मिलिमीटरच्या ५० काडतुसांचे खोके साधारण ६०० ते ६५० ग्रॅम भरते, म्हणजे सात खोकी निर्धास्त नेता येतात. १२ गेजच्या शॉटगनची २५ ची खोकी चारपेक्षा जास्त होत नाहीत. .२२ ची ५०० काडतुसे पावणेदोन किलोच्या आसपास. घरी काडतुसे भरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: सुटी दारू आणि प्रायमर (काडतुसातली दारू पेटवणारा तुकडा) विमानात कुठेच चालत नाहीत, केबिनमध्ये नाही आणि चेक-इनमध्येही नाही.

काउंटरवर शांतपणे सांगा, “चेक-इनच्या सामानात रिकामी बंदूक आहे, त्याची नोंद करायची आहे.” नुसते ‘माझ्याकडे गन आहे’ असे मोठ्याने म्हणू नका; मागच्या रांगेला ते वाक्य वेगळे ऐकू जाते. स्वतःहून पेटी उघडू नका, सांगितले तरच उघडा. सही करायचे एक कार्ड मिळते, ते पेटीत किंवा बॅगेत आत जाते. बाहेरून ‘यात बंदूक आहे’ अशी चिठ्ठी लावणे कायद्यालाच मंजूर नाही, कारण ती चोरासाठीच पाटी ठरते. त्यानंतर तपासणी होईपर्यंत जवळपास १५-२० मिनिटे थांबा. बोलावल्यावर तुम्ही सापडला नाहीत तर बॅग विमानात चढत नाही. शक्यतो थेट विमान घ्या.

थेट का, ते एका खटल्यावरून कळते. २००५ मध्ये युटाचा एक प्रवासी पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. न्यूअर्कला त्याचे जोड विमान चुकले. त्याने बॅग ताब्यात घेतली, रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढली आणि सकाळी काउंटरवर नियमाप्रमाणे बंदुकीची नोंद करायला गेला. तिथेच अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण नुकसानभरपाईचा दावा तो २०१० मध्ये तिसऱ्या सर्किटच्या (न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया हा भाग ज्याच्याकडे येतो त्या संघराज्याच्या) अपील न्यायालयात हरला. कारण हे की हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणजे ‘हाताला लागता कामा नये’ ही अट मोडली. त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितले की ९२६-ए गाडीतल्या वाहतुकीला लागू आहे, विमानतळावरून पेटी हातात घेऊन चालणाऱ्याला नाही.

म्हणून न्यूअर्क, जेएफके किंवा लाग्वार्डिया इथे विमान रद्द झाले, चुकले, वळवले गेले, तर बॅग पट्ट्यावरून उचलू नका. कंपनीच्या माणसाला सांगा की बॅग पुढच्या विमानापर्यंत कंपनीनेच आपल्या ताब्यात ठेवावी. ते ऐकत नसतील तर बॅगेला हात लावण्याआधी विमानतळावरच्या पोलिसांना बोलवा आणि ती रात्रभर ठेवून घ्यायला सांगा. हॉटेलची बस आली तरी बॅगेशिवायच बसा.

रेल्वेचे थोडक्यात: ॲमट्रॅकमध्ये चेक-इन सामानाची सोय असलेल्या गाडीत आणि स्थानकांवरच, २४ तास आधी कळवून. ग्रेहाउंडच्या बसमध्ये अजिबात नाही.

भारताचे विमान पकडताना

हा धोका आपल्या लोकांचा खास आहे. शनिवारी रेंजवर वापरलेली पाठीवरची बॅग डिसेंबरात मुंबईला जाताना केबिन बॅग होते. तिच्या तळाशी, अस्तराच्या शिवणीत एखादे .२२ चे काडतूस राहिलेले असते. जाताना अमेरिकेत सापडले तर दंडावर भागेल. न सापडता गेले आणि परतताना मुंबईच्या तपासणीत दिसले तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता हे पाहून उच्च न्यायालयांनी असे बरेच गुन्हे रद्द केलेले आहेत, पण तोवर वकील, तारखा, चुकलेले विमान आणि कधी पासपोर्टची अडचण हे सगळे सोसावे लागते. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका. वापरावीच लागली तर सगळे कप्पे उलटे करून पांढऱ्या चादरीवर झटका.

पोलिसाने थांबवले तर

दोन्ही हात स्टिअरिंगवर. लायसन्स आणि गाडीचे कागद ग्लव्ह बॉक्सऐवजी सूर्यपट्टीत ठेवा, म्हणजे खाली वाकून काही काढावे लागत नाही. काही राज्यांत बंदूक अंगावर बाळगणाऱ्याने पोलिसाला आपणहून सांगणे बंधनकारक आहे. मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलिना त्यांपैकी आहेत. डिकीत कुलूपबंद असलेल्या रिकाम्या बंदुकीबद्दल बहुतेक ठिकाणी आपणहून बोलण्याची सक्ती नाही. थेट विचारले तर खोटे बोलू नका. झडतीला संमती मागितली तर “मी झडतीला संमती देत नाही, सर,” एवढे नम्रपणे म्हणायचे. अडवायचे नाही, वाद घालायचा नाही. कुठून निघालात, कुठे चाललात आणि आजच पोहोचणार आहात, इतके सांगायला हरकत नाही. हॉटेलचे बुकिंग, स्पर्धेची नोंदणी किंवा शिकारीचा परवाना यांच्या प्रती आणि कलम ९२६-ए चा छापील मजकूर पेटीसोबत ठेवा. रस्त्यावरच्या पोलिसाला ते कलम ठाऊक असेलच असे नाही, आणि छापील कागद पाहून तो वरिष्ठांना फोन लावण्याची शक्यता तरी वाढते. तरीही अटक झालीच तर तो हक्क न्यायालयात मांडायचा असतो, महामार्गाच्या कडेला नाही.

दुसऱ्यासाठी नेणे आणि घर बदलणे

ओहायोतल्या भावाने इंडियानातल्या भावाला वाढदिवसाला पिस्तूल दिले, स्वतः गाडीतून नेऊन हातात ठेवले. वाहतूक अगदी नियमाने केली तरी हा संघराज्याचा गुन्हा आहे. वेगळ्या राज्यात राहणाऱ्या माणसाला बंदूक द्यायची तर ती परवानाधारक विक्रेत्यामार्फतच द्यावी लागते, आणि नाते सख्खे असले तरी त्यात सूट नाही. भावाच्या गावातल्या विक्रेत्याकडे ती पोहोचती करा. पार्श्वभूमी तपासून भाऊ ती तिथून घेईल. विक्रेता थोडी फी घेतो.

कायमचे राज्य बदलत असाल तर ९२६-ए फक्त वाटेपुरते. नव्या राज्याचे नियम ट्रक भरण्याआधी पाहा. कॅलिफोर्नियात गेल्यावर ६० दिवसांत बंदुकीची नोंद राज्याच्या न्याय विभागाकडे करावी लागते. इलिनॉयमध्ये बंदूकधारकाचे वेगळे ओळखपत्र लागते आणि नव्या रहिवाशाला त्यासाठीही ६० दिवस असतात. सामान हलवणाऱ्या कंपन्या काडतुसे सहसा घेत नाहीत, त्यामुळे ती आणि बंदूक स्वतःच्या गाडीत, दोन कुलूपबंद पेट्यांत, बाकी सामानाच्या तळाशी ठेवा.